वाळवंटातली चाकोरी

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय भागात, मोआब गावाजवळ, कॅनियनलँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्यांनी तिथला वालुकाश्म लाखो वर्षे कापत नेला आणि एकाखाली एक असे तीन मजले तयार केले. सगळ्यांत वर ‘आयलंड इन द स्काय’ हे पठार, सगळ्यांत खाली नद्यांच्या घळया आणि मधल्या मजल्यावर पांढुरक्या दगडाची लांबच लांब कड. या कडेला व्हाइट रिम म्हणतात. या मधल्या मजल्यावरून सुमारे १६० किलोमीटरचा एक रस्ता पठाराला वळसा घालत जातो. रस्ता बहुतेक सगळा कच्चा आहे. वाटेत पाणी नाही, पेट्रोल नाही, मोबाइलला रेंज मिळण्याचा भरवसा नाही. तरीही फोर बाय फोर गाड्यांचे वेड असलेली जगभरची माणसे आयुष्यात एकदा तरी इथे गाडी घालायची म्हणून येतात. नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोकही त्यांत असतात. मोआबमध्ये जीप भाड्याने मिळते, आणि उद्यानांच्या सहलीतला एक दिवस या वाटेसाठी राखून ठेवणारे पुष्कळ आहेत.

हा रस्ता निसर्गशोभा पाहण्यासाठी बांधलेला नाही. अणुबॉम्बसाठी युरेनियम हवे होते, म्हणून तो घाईघाईत काढला गेला. युरेनियम फारसे सापडले नाही, रस्ता मात्र राहिला. त्या काळी या प्रदेशात असे शेकडो मैलांचे रस्ते उमटले आणि आज त्यांतल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी वाली आहे. कोणी म्हणतो, हे रस्ते आमच्या बापजाद्यांचे, ते बंद करणारे तुम्ही कोण? कोणी म्हणतो, ही वाळवंटावरची जखम आहे, ती भरू द्या. दोघांच्या भांडणात खरा प्रश्न मागे पडतो. जमिनीवर एकदा चाकोरी उमटली की तिच्यावर कायमचा हक्क सांगता येतो का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. चाकोरी ठेवायची की मोडायची, हे प्रत्येक पिढीने डोळे उघडे ठेवून ठरवले पाहिजे. व्हाइट रिमचा इतिहास हेच सांगतो. तो नीट वाचला तर गाडी चालवणाऱ्यांचेही त्यात हितच आहे.

आधी वाट कशी आहे ते पाहू. पठारावरून मधल्या मजल्यावर उतरायला शेफर ट्रेल आहे. एका उभ्या कड्याच्या अंगावरून, हेअरपिन वळणे घेत, ही वाट सुमारे दीड हजार फूट खाली जाते. एका बाजूला तांबडी भिंत, दुसऱ्या बाजूला कठडाही नाही. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवणारा चालक लवकरच अडचणीत येतो, कारण ब्रेक तापतात आणि पकड सोडू लागतात. जाणता माणूस गाडी लो रेंजमध्ये टाकतो, पहिल्या गिअरवर ठेवतो आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू देतो. समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने जागा बघून थांबायचे, हा इथला शिष्टाचार आहे. पाऊस किंवा बर्फ पडले की ही माती साबणासारखी निसरडी होते आणि रस्ता बंद करावा लागतो. पुढे मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हिल हे दोन चढ नवख्यांची परीक्षा घेतात. गाडी अडकलीच तर ती ओढून बाहेर काढायचा खर्च बहुधा हजार डॉलरच्या वर जातो, असे उद्यानच आधी बजावते. लो रेंज नसलेल्या गाडीला या वाटेवर परवानगी नाही.

एवढे करून खाली पोहोचलेल्या माणसाला जे दिसते ते पाहिले की या वाटेचे वेड समजते. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत उघडी पडलेली पृथ्वी. पायाखालचा पांढरा दगड सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचा. त्याच्या कडेवरून खाली वाकून पाहिले की हजार फुटांची आणखी एक दरी, आणि डोक्यावर आपण नुकतेच उतरलो तो कडा. हे सगळे गाडीतून पाहता येते यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र गाडी इथवर कशी आली, हे ठाऊक असले पाहिजे.

या प्रदेशातल्या वाटा माणसांच्या पावलांनी पाडल्या. आज ज्यांना पूर्वज प्वेब्लो म्हणतात त्या लोकांनी इथल्या कपारींत धान्याची दगडी कोठारे बांधली, भिंतींवर चित्रे काढली, झऱ्यांच्या आधाराने मका पिकवला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ते दक्षिणेकडे निघून गेले. होपी आणि झुनी लोक आजही त्यांना आपले पूर्वज मानतात. पुढे युट, पाययूट आणि नवाहो लोक या भागात वावरले. शेफर ट्रेलची मूळ वाटही त्या आदिवासींचीच. खालच्या मजल्यावरून पठारावर जाण्यासाठी त्यांनी ती शोधली होती. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरे हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर नेण्यासाठी तीच वाट धरली आणि शेफर या पशुपालक घराण्याचे नाव तिला चिकटले. ‘हा रस्ता आमच्या बापजाद्यांचा’ म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ पूर्ण वाचावी. ती १९५० साली सुरू होत नाही.

चाके आली ती मोठ्या कष्टाने. १८७९-८०च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाचे सुमारे अडीचशे लोक ऐंशीच्या वर वॅगन घेऊन दक्षिण युटामधून पूर्वेकडे निघाले. वाटेत कोलोरॅडो नदीचा कडा आडवा आला. त्यांनी कड्यातली एक चीर सुरुंग लावून रुंद केली, दगडात खाचा पाडल्या आणि माणसे, जनावरे व दोर यांच्या जोरावर एकेक वॅगन जवळजवळ उभ्या उतरणीवरून नदीवर नेली. ‘होल इन द रॉक’ म्हणून ती वाट प्रसिद्ध आहे. पुढे ग्लेन कॅनियन धरण बांधले गेले आणि तिचा खालचा भाग लेक पॉवेलच्या पाण्यात बुडाला. त्या माणसांचे धैर्य निर्विवाद होते. त्यांच्या वाटेची पुढची गतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या पिढीने पाडलेली वाट पुढच्या पिढीने सरकारी निर्णयाने पाण्याखाली घातली, आणि तेव्हा तिच्यावर सनातन हक्क सांगून धरण कोणी थांबवू शकले नाही.

त्यानंतर सत्तर वर्षे कॅनियनलँड्सचा आतला भाग गुराख्यांखेरीज फारसा कोणी पाहिला नाही. हे चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अणुऊर्जा आयोगाला शस्त्रांसाठी देशातच युरेनियम हवे होते. आयोग हाच एकमेव गिऱ्हाईक होता आणि भाव त्याने बांधून दिला होता. जुलै १९५२ मध्ये चार्ली स्टीन या टेक्सासच्या कफल्लक भूशास्त्रज्ञाला मोआबच्या आग्नेयेला, लिस्बन खोऱ्यात, घबाड सापडले. ‘मी व्हिडा’ नावाची त्याची खाण देशभर गाजली. हातात गायगर काउंटर घेतलेल्या माणसांची मोआबला रीघ लागली. १९५० साली जेमतेम तेराशे वस्तीचे गाव दहा वर्षांत तिपटीहून मोठे झाले.

याच धांदलीत रस्ते उमटले. खनिज शोधणाऱ्यांना सोय व्हावी म्हणून आयोगाने आग्नेय युटामध्ये जवळजवळ हजार मैलांचे रस्ते काढले. बुलडोझर पुढे, मागून ट्रक. शेफरची गुरांची वाट खनिजाचे ट्रक जातील एवढी रुंद झाली आणि व्हाइट रिमवर आजचा रस्ता आला. युरेनियम होते ते वरच्या चिनली थरात, आणि या कड्यांमधून हाती आले ते फारच थोडे. शोधणारे निघून गेले. वाळवंटात मात्र बुलडोझरची एक फेरी कित्येक दशके टिकते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटन यांनी उभारलेल्या सराव केंद्रात १९४२ ते १९४४ या काळात रणगाडे फिरले. त्यांच्या पट्ट्यांचे माग आजही ओळखू येतात.

त्या युगाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. मोआबजवळ कोलोरॅडोच्या काठावर युरेनियम शुद्ध करण्याची गिरणी १९५६ साली सुरू झाली आणि १९८४ साली बंद पडली. मागे उरला सुमारे १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळाचा ढीग, तोही नदीला अगदी लागून. ही नदी खाली सुमारे ४ कोटी लोकांची तहान भागवते. २००९ पासून अमेरिकेचे ऊर्जा खाते तो ढीग डब्यांत भरून रेल्वेने सुमारे ५० किलोमीटरवरच्या क्रेसेंट जंक्शनला हलवत आले आहे. खाणींत काम केलेल्या माणसांची, विशेषतः नवाहो मजुरांची, फुप्फुसे कर्करोगाने गेली, आणि त्यांच्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा यायला १९९० साल उजाडले. व्हाइट रिमवर गाडी चालवताना ज्या चाकोरीतून आपण जातो ती युरेनियमच्या या धोरणाचीच एक शाखा आहे. त्या काळी देशाला घाई होती. घाईत केलेल्या कामाची किंमत पुढच्या पिढ्या चुकवत असतात, हे मोआबला कोणी शिकवायला नको.

इथे इतिहासाने एक वेगळे वळण घेतले. आर्चेस या शेजारच्या संरक्षित क्षेत्राचे अधीक्षक बेट्स विल्सन यांना युद्धानंतर स्वस्त झालेल्या जीपचा वेगळाच उपयोग सुचला. युद्धकाळात १९४१ पासून विलिस आणि फोर्ड कंपन्यांनी लाखो जीप बनवल्या होत्या आणि १९४५ पासून नागरिकांसाठीची जीप बाजारात आली होती. विल्सन जीपमधून आजच्या कॅनियनलँड्समधल्या नीडल्स भागात खोलवर गेले, तिथल्या कमानी आणि भित्तिचित्रे त्यांनी पाहिली आणि या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान व्हावे असा ध्यास घेतला. अधिकारी, पत्रकार, राजकारणी यांना ते जीपमध्ये बसवून आत नेत. रात्री निखाऱ्यांवर लोखंडी भांड्यात शिजवलेले जेवण वाढत. १९६१ साली अंतर्गत व्यवहार मंत्री स्ट्युअर्ट युडाल यांनाही त्यांनी असेच फिरवले. त्याच सुमारास धरणखात्याचे प्रमुख फ्लॉइड डॉमिनी यांनी युडाल यांना विमानातून नद्यांच्या संगमाजवळची धरणाची जागा दाखवली. डॉमिनींना तिथे जलाशय दिसत होता, युडाल यांना उद्यान दिसले. १२ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि कॅनियनलँड्स जन्माला आले.

गाड्यांचा तिटकारा असलेल्या निसर्गप्रेमींनी ही गोष्ट विसरू नये. जीप नसती तर हे उद्यान झाले नसते. युरेनियमचे रस्ते नसते तर मंत्र्याला आत नेता आले नसते, आणि कदाचित आज संगमाखाली धरण उभे असते. आधी पाहणे आणि मग वाचवणे, हा क्रम या प्रदेशाने अनुभवला आहे. विल्सन यांच्याच हाताखाली आर्चेसमध्ये रेंजर म्हणून राबलेले लेखक एडवर्ड अॅबी यांनी १९६८ साली ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकात उद्यानांतल्या मोटार-पर्यटनावर घणाघाती हल्ला केला. एकाच वाळवंटावर तितकेच प्रेम करणारे हे दोघे. एकाने जीपमध्ये बसवून लोकांना आत आणले, दुसऱ्याने गाड्यांना बाहेरच थांबवा म्हटले. विल्सन यांच्यावाचून जागा वाचली नसती. अॅबींसारख्यांनी धाक घातला नसता तर वाचलेली जागा पुढे डांबराखाली गेली असती. सुरुवातीच्या आराखड्यात नीडल्स भागातून संगमापर्यंत पक्का रस्ता नेण्याचा बेत होताच. आज तो डांबरी रस्ता बिग स्प्रिंग कॅनियनच्या कडेवर एकदम संपतो. पलीकडे जाणारा पूल कधी बांधलाच नाही. तो न बांधणे हा या उद्यानाच्या इतिहासातला एक शहाणपणाचा निर्णय आहे.

दरम्यान खेळ वाढत गेला. १९६७ साली मोआबच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या सुटीत जीप सफारी सुरू केली. युरेनियम ओसरत चालले होते, गावाला नवा धंदा हवा होता. आज ती सफारी नऊ दिवस चालते आणि हजारो गाड्या येतात. गाड्याही बदलल्या. विंच, उंच सस्पेन्शन, लॉकिंग डिफरन्शियल, मोठाले टायर. जिथे विल्सन खाली उतरून दगड रचत, तिथे आजची गाडी सहज चढते. पूर्वी वाटच गाडीला अडवायची. आता ती अडवत नाही, म्हणून मर्यादा घालायचे काम नियमांकडे आले.

आणि नियमांना आडवे आले एक जुने कायदेकलम. १८६६च्या खाणकायद्यात एक वाक्य होते. सार्वजनिक कामासाठी राखून न ठेवलेल्या सरकारी जमिनीवरून रस्ता काढायचा हक्क त्याने सरसकट देऊन टाकला. पश्चिमेकडे वस्ती वाढवायची होती, रेल्वे पुरती पोहोचली नव्हती, तेव्हा ते वाक्य योग्यच होते. ११० वर्षांनी, १९७६ साली, संसदेने ते रद्द केले, पण तोवर निर्माण झालेले हक्क कायम ठेवले. बस, एवढ्या फटीतून वाद आत शिरला. नदीपात्र, गुरांची वाट, बुलडोझरचा एकेकाळचा माग, हे सगळे ‘जुने महामार्ग’ असल्याचे दावे होऊ लागले. २०१२च्या सुमारास युटा राज्याने अशा बारा हजारांहून अधिक वाटांवर हक्क सांगत दावे दाखल केले. त्यांपैकी कित्येक वाटा जागेवर जाऊन शोधल्या तर माणूस सॉल्टब्रशच्या झुडपांत उभा राहतो.

सॉल्ट क्रीकचे प्रकरण या वादाचा कळस म्हणावे लागेल. कॅनियनलँड्सच्या नीडल्स भागात, दोन मोठ्या नद्या सोडल्या तर बारमाही वाहणारा हा एकमेव महत्त्वाचा प्रवाह. काठाला कॉटनवुडची झाडे, विलो, पक्षी, आणि वरच्या कपारींत प्राचीन वस्तीच्या खुणा. एंजल आर्च या प्रसिद्ध कमानीकडे जाणारी जीपची वाट काठाने जात नसे, ती प्रवाहातूनच जाई. पुन्हा पुन्हा पाणी ओलांडून, काही ठिकाणी पात्रातूनच चाके. इंजिनातून गळणारे तेल थेट पाण्यात. पर्यावरणवाद्यांनी खटला भरला, १९९८ साली न्यायालयाने वरच्या भागात गाड्या बंद केल्या, मग अपिले झाली, २००४ साली उद्यानाने नियम करून बंदी कायम केली. सॅन वान परगणा आणि राज्याने १८६६चे कलम पुढे केले. शेवटी २०१४ साली अपील न्यायालयाने निकाल दिला. १९६४ साली उद्यान होण्यापूर्वी सलग दहा वर्षे ती वाट सार्वजनिक रहदारीची होती, हे सिद्ध होत नाही. गुराख्याने अधूनमधून केलेली ये-जा आणि हौशी जीपवाल्यांच्या फेऱ्या यांनी महामार्ग तयार होत नाही. कायद्याच्या भाषेत तो एका परगण्याचा पराभव होता. पण त्यातले तत्त्व सगळ्यांना लागू आहे. चाक फिरले एवढ्यानेच मालकी येत नाही.

मालकी का येऊ नये, याचे उत्तर जमिनीतच आहे. व्हाइट रिमच्या कडेला गाडी थांबवून, रस्त्यावरच उकिडवे बसून, पलीकडच्या मातीकडे पाहावे. ती सपाट नसते. बोटभर उंचीचे काळपट, खडबडीत मनोरे तिच्यावर उभे असतात. ही जिवंत माती आहे. सायनोबॅक्टेरिया, शैवाक आणि शेवाळ यांनी मिळून विणलेला हा थर. पाणी मिळाले की सायनोबॅक्टेरियाचे सूक्ष्म तंतू वाळूत सरकतात आणि मागे चिकट आवरण सोडतात. त्या जाळ्यात वाळूचे कण अडकतात. तुटून पडलेले एखादे ढेकूळ उचलून धरले तर त्याच्या तळाशी धाग्यांना लोंबकळणारे वाळूचे कण साध्या डोळ्यांनी दिसतात. वाऱ्याला माती उडू न देणे, पावसाचे पाणी मुरू देणे, हवेतला नायट्रोजन झाडांना मिळवून देणे, ही सगळी कामे हा थर करतो. मोआबमध्ये राहून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या जेन बेलनॅप यांनी या मातीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून कळले ते असे की तुटलेला थर काही वर्षांत वरवर सावरल्यासारखा दिसतो, पण त्यातले शैवाक आणि शेवाळ परत यायला दशके, कधी शतके लागतात. पाऊल पडले तर खड्ड्याएवढा तुकडा मोडतो. चाकाने मात्र सलग पट्टा मोडतो, आणि सलग पट्ट्यातून पाणी वाहते, वारा धावतो, शेजारचा शाबूत थरही उडालेल्या वाळूखाली गाडला जाऊन मरतो. एका चालकाने खड्डा टाळायला रस्त्याबाहेर टाकलेले चाक त्याच्या नातवाच्या काळातही दिसत राहील.

हे नुकसान तिथल्या तिथे राहत नाही. पठारावरची मोकळी झालेली धूळ वसंतातल्या वाऱ्याबरोबर कोलोरॅडोच्या बर्फाळ शिखरांवर जाऊन बसते. मळलेला बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. २०१०च्या एका महत्त्वाच्या अभ्यासानुसार या धुळीमुळे कोलोरॅडो नदीचा पूर सुमारे तीन आठवडे आधी येतो आणि वर्षाच्या पाण्यात सुमारे पाच टक्के घट होते. यातला मोठा वाटा एकोणिसाव्या शतकापासूनच्या बेबंद गुरेचराईचा आहे, गाड्या त्यात नंतर सामील झाल्या. सगळे खापर जीपवाल्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण ज्या नदीच्या थेंबाथेंबावरून सात राज्ये भांडतात, तिच्या खोऱ्यात ‘माझ्या एका चाकाने काय होणार’ असे म्हणायची सोय कोणालाच उरलेली नाही.

मग उपाय काय? गाड्या पूर्ण बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. गुडघे गेलेला म्हातारा, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, लहान मुले घेऊन आलेले कुटुंब यांना पाठीवर सामान बांधून पाच दिवस चालता येणार नाही. हा सार्वजनिक प्रदेश त्यांचाही आहे. मोआबच्या शेकडो कुटुंबांची चूल या पर्यटनावर पेटते. खाणी बंद झाल्यावर ज्यांनी गाव सोडले नाही त्यांनी हा धंदा मेहनतीने उभा केला आहे. आणि अवघड वाटेवर गाडी नीट चालवणे ही कला आहे. तीत धीर लागतो, जमिनीची पारख लागते, सोबत्याचे ऐकायची तयारी लागते. खरा ऑफ-रोड चालक हळू जातो. चाके गरगरू देत नाही, टायरमधली हवा कमी करून पकड मिळवतो आणि दगडावर जायचे असेल तर दगडावरूनच जातो, मऊ मातीत उतरत नाही.

उत्तर व्हाइट रिमवरच तयार आहे. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवायला लावले. माती, पाणी, वन्यजीव आणि इतर लोक यांना कमीत कमी त्रास व्हावा हा निकष घातला. अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ साली, नुकसान दिसताच वाट बंद करायचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. दोन वेगळ्या पक्षांच्या अध्यक्षांनी घातलेली ही चौकट व्हाइट रिमवर नीट उतरली आहे. जुना रस्ता आहे तो ठेवला, नवा काढला नाही, डांबर टाकले नाही. रस्ता सोडायचा नाही. मुक्काम ठरलेल्या तळांवरच, आणि तळ मोजके. २०१५ पासून एका दिवसाच्या फेरीलाही परवाना लागतो, आणि मोटारगाड्यांसाठी असे परवाने रोज ५०च निघतात. उद्यानाला वर्षाला सात-आठ लाख, कधी नऊ लाख लोक भेट देतात, ते पाहता हा आकडा फार लहान वाटेल. त्या लहान आकड्यामुळेच तिथे गेलेल्याला एकांत मिळतो आणि रस्त्याबाहेरची काळी माती शाबूत राहते.

उद्यानाच्या कुंपणाबाहेर अजून ही शिस्त नाही. शेजारच्या लॅबिरिंथ कॅनियन आणि जेमिनी ब्रिजेस भागात ११०० मैलांहून अधिक वाटा होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये भूमी व्यवस्थापन विभागाने त्यांपैकी ३१७ मैल बंद करायचे ठरवले. त्यावर खटले झाले आणि वाद अजून धगधगतो आहे. दोन-तृतीयांशांहून अधिक वाटा खुल्या राहिल्या हे त्या गदारोळात कोणी बोलत नाही. एकाच ठिकाणी जाणाऱ्या तीन-तीन समांतर चाकोऱ्या सगळ्याच टिकल्या पाहिजेत, असा आग्रह धरण्यात स्वातंत्र्य नाही. त्यातली एक उत्तम वाट राखून बाकीच्या दोन जमिनीला परत करणे, हे गाडीवाल्यांच्या संघटनांनीच पुढे होऊन करायचे काम आहे. जिथे त्यांनी फावडी घेऊन जुन्या वाटा मोडल्या, पाट्या लावल्या, कचरा उचलला, तिथे त्यांचा शब्द कोणत्याही न्यायालयापेक्षा वजनदार ठरला आहे.

महाराष्ट्रातून या सगळ्याकडे परका म्हणून पाहायचे कारण नाही. विलिसची जीप सुट्या भागांत मुंबईत आली आणि १९४७ पासून महिंद्र कंपनीने ती इथे जोडायला सुरुवात केली. आजची ‘थार’ त्याच घराण्यातली. शनिवार-रविवारी सह्याद्रीत आणि कोकणातल्या सड्यांवर अशा गाड्यांचे ताफे निघतात. पावसाळ्यात फुलणारे आपले सडे म्हणजे जांभ्यावर बोटभर मातीचे कातडे. त्यात गवत, कीटकभक्षी वनस्पती, डबक्यांतले बेडूक यांचा संसार चार महिन्यांत उरकतो. कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, आणि फुलांच्या हंगामात तिथे शुल्क व नोंदणीची पद्धत आली. ज्या सड्यांना असे नाव मिळाले नाही, त्यांच्यावर ओल्या मातीत चाके गरगरवून काढलेल्या व्हिडिओंना मात्र तोटा नाही. युटाच्या वाळवंटात हजार मैलांच्या चाकोऱ्या उमटून गेल्यावर मग विचार सुरू झाला. आपल्याकडे अजून बहुतेक सडे मोकळे आहेत. कोणत्या वाटेने गाडी जाईल, किती जातील, पावसाचे कोणते महिने पूर्ण बंद, हे वनखाते, ग्रामपंचायती आणि गाडीवाल्यांचे गट एकत्र बसून आजच ठरवू शकतात. उशीर झाल्यावर नकाशावरच्या रेघा पुसायला वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागतात, हे सॉल्ट क्रीकने दाखवून दिले आहे.

दर पिढीने या वाटांना आपला हेतू दिला. धान्य नेणाऱ्यांनी, गुरे हाकणाऱ्यांनी, बॉम्बसाठी खनिज शोधणाऱ्यांनी आणि उद्यान उभे करणाऱ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्या वापरल्या. आपल्या पिढीला खनिज नको आहे, धरण नको आहे, आपल्याला पाहायचे आहे. पाहणाऱ्याची गरज सगळ्यांत थोडी असते, म्हणून संयम बाळगणेही आपल्यालाच सगळ्यांत सोपे आहे. परवान्यासाठी महिने-महिने थांबावे लागले तरी थांबावे, ठरलेली चाकोरी सोडू नये, आणि आपल्या आवडीची एखादी वाट बंद करण्याचा सबळ निर्णय झाला तर त्याच्या बाजूने उभे राहावे. पुढच्या पिढीला या वाटांबद्दल नव्याने ठरवता यावे, इतपत वाळवंट शाबूत ठेवणे एवढे तरी गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलेल्या प्रत्येकाचे देणे आहे.